आधी धूळपाटी, मग विकिपीडिया

विद्यार्थ्यांकडून विकिपीडियावर लिहून घ्यायचं असेल, तर सुरुवातीला संगणक कक्षाचं कुलूपच काढू नका. ग्रंथालयात बसा. मी भंडारा जिल्ह्यातल्या एका महाविद्यालयात इतिहास शिकवते आणि बी.ए.च्या मुलामुलींकडून मराठी विकिपीडियावर आपल्या भागाविषयी लिहून घेण्याचा उद्योग काही वर्षांपासून करते आहे. तुमसर-साकोलीकडचे सहकारी फोन करतात, “मॅडम, आम्हालाही एक कार्यशाळा घ्यायची आहे, तारीख द्या.” कार्यशाळा सगळ्यात शेवटी, हे माझं उत्तर त्यांना फारसं आवडत नाही. त्यांना बॅनरसकट फोटो हवा असतो. नॅकची फाइल भरायची असते हे मलाही कळतं. पण फोटोतली मुलं दुसऱ्या दिवशी पासवर्ड विसरतात आणि मागे उरतं ते दुसऱ्या कोणाला तरी निस्तरावं लागतं.

पहिल्या वर्षी ठरलेली योजना कागदावर देखणी होती. प्रत्येकाचा एक स्वतंत्र लेख, लेखाला किमान अमुक इतके बाइट, महिनाअखेरची मुदत आणि अंतर्गत मूल्यमापनाचे गुण. आम्ही मागितलं तेच मुलांनी दिलं. मुदतीच्या तोंडावर पवनी, आंबागड, सानगडी, दंडार, कोसा अशा विषयांवर भराभर मजकूर चढला. कोणी तो पर्यटनाच्या पत्रकातून घेतला होता, कोणी वर्तमानपत्राच्या संकेतस्थळावरून, कोणी सरळ गाइडातून. लगेच प्रताधिकारभंगाच्या पाट्या लागल्या आणि लेख वगळले जाऊ लागले. सगळ्यात लांब लेख सगळ्यात आधी गेला.

बाइट मोजण्याचा हा सोस पुष्कळ ठिकाणी दिसतो, म्हणून थोडं विषयांतर. युनिकोड साठवण्याच्या प्रचलित पद्धतीत रोमन अक्षराला एक बाइट लागतो, देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला तीन. नुसत्या ‘क्ष’चे नऊ होतात. आकडा फुगलेला दिसतो, मजकूर असतो चार ओळींचा. ज्याला गुण द्यायचे आहेत त्यानं वाक्यं वाचावीत. दुसरा मार्ग मला तरी सापडलेला नाही.

ही उचलेगिरी आमच्याकडेच घडली असं नाही. २०११ साली पुण्यात विकिमीडिया फाउंडेशनच्या पुढाकारानं भारत शिक्षण कार्यक्रम सुरू झाला होता. अभियांत्रिकी महाविद्यालय, सिम्बायोसिस स्कूल ऑफ इकॉनॉमिक्स, एसएनडीटी अशा नावाजलेल्या संस्थांतले विद्यार्थी इंग्रजी विकिपीडियावर अभ्यासक्रमातले विषय लिहिणार होते. शिक्षक उत्साही होते आणि मदतीला विद्यार्थी-स्वयंसेवकही नेमलेले होते. तरीही पुस्तकांतून आणि संकेतस्थळांवरून जसाच्या तसा उचललेला मजकूर इतका आला, की जगभरच्या संपादकांना तो शोधून काढणं आवरेना. त्याच वर्षी नोव्हेंबरच्या सुमारास तो प्रयोग थांबवावा लागला. साफसफाई त्यानंतरही चालू राहिली.

पुण्याची मुलं आळशी होती असं मला वाटत नाही. आपल्याकडे शाळेपासून ‘प्रोजेक्ट’ म्हणजे कुठून तरी उतरवून आणलेलं सुंदर अक्षर. वहीत उतरवलेलं कोणी तपासत नाही, म्हणून ते खपतं. विकिपीडियावर ते सगळ्या जगासमोर येतं, आणि तिथं तपासणारा माणूस पगारी नसतो. मराठी विकिपीडिया १ मे २००३ पासून चालू आहे, पण रोज येऊन झाडलोट करणारे लोक फार थोडे. आपल्या एका वर्गानं एका संध्याकाळी टाकलेला कचरा त्यांचे कित्येक दिवस खातो, हे मुलांना पहिल्याच तासाला सांगावं.

आता आम्ही ग्रंथालयात काय करतो ते. प्रत्येकानं एक छापील संदर्भ शोधायचा, त्यातला एक परिच्छेद वाचायचा, पुस्तक मिटायचं आणि तीच माहिती दोन वाक्यांत स्वतःच्या शब्दांत वहीत लिहायची. खाली पुस्तकाचं नाव, वर्ष आणि पान. एवढंच. पहिल्यांदा निम्म्यांना जमत नाही, कारण पुस्तक मिटल्यावर तेच शब्द बोटांत येतात. मग शेजारच्यानं ते वाक्य आणि मूळ परिच्छेद समोरासमोर ठेवून तपासायचं. हा व्यायाम जमल्याशिवाय खातं उघडायचं नाही.

पवनीचंच घ्या. १९६९-७० मध्ये नागपूर विद्यापीठ आणि भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण यांनी मिळून तिथं उत्खनन केलं, प्राचीन बौद्ध स्तूप उजेडात आले, आणि शां. भा. देव व जगत्पती जोशी यांचा अहवाल १९७२ साली प्रसिद्ध झाला. त्या अहवालातली माहिती तुमची-माझी सगळ्यांची आहे. त्यातली वाक्यं लेखकांची आहेत. हा फरक मुलांना एकदा समजला की पुढचं सोपं जातं. सरकारी पुस्तक म्हणजे फुकटचं, हाही एक समज काढावा लागतो. आपल्या कायद्यानं सरकारी प्रकाशनालाही प्रसिद्धीनंतर ६० वर्षं संरक्षण आहे. इंग्रजांच्या काळातलं १९०८ चं भंडारा गॅझेटियर मोकळं झालं. स्वातंत्र्यानंतरची सुधारित आवृत्ती अजून नाही. रसेल आणि हिरालाल यांचा मध्य प्रांतातल्या जातीजमातींवरचा १९१६ चा ग्रंथही मोकळा आहे. त्यात कोहळी समाजाच्या तलाव बांधण्याच्या कसबाबद्दल वाचायला मिळतं. पण मोकळा आहे म्हणून तो जसाच्या तसा ओतू नका. साहेबाच्या चष्म्यातून जातींविषयी केलेली विधानं आज भंडाऱ्यातल्या मुलीच्या नावानं प्रसिद्ध होणं बरं नव्हे.

खात्यांची गोष्ट थोडक्यात, कारण सगळ्यात जास्त कार्यशाळा इथंच कोसळतात. एका इंटरनेट जोडणीवरून चोवीस तासांत सहाच नवी खाती उघडता येतात. सातव्या मुलाला नकार येतो, लॅबमध्ये गोंधळ होतो आणि पाहुणे चहा पीत बसतात. म्हणून मुलांना खाती आधीच, वेगवेगळ्या दिवशी, घरून उघडायला सांगा. नाहीतर ज्याला जास्त खाती उघडण्याचे अधिकार आहेत अशा अनुभवी सदस्याला आधी गाठा. ‘इतिहास विभाग’ असं सामाईक खातं काढू नका, तिथं एका खात्यामागे एकच माणूस लागतो. नाव टोपण असावं. आडनाव, रोल नंबर, गाव, मोबाइल यांतलं काहीही त्यात नको. पुढे नाव बदलता येतं, खातं पुसून टाकता येत नाही, आणि त्यावरून केलेली प्रत्येक दुरुस्ती तारीख-वेळेसकट कोणालाही दिसत राहते. एका विद्यार्थिनीनं सदस्य पानावर हौसेनं स्वतःचा फोटो आणि फोन नंबर टाकला होता. अनोळखी माणसांचे फोन सुरू झाल्यावर तिच्या वडिलांनी उपक्रमच बंद करायला सांगितलं, आणि त्यांचं चूक नव्हतं. त्याच आवारात अकरावी-बारावीचे वर्ग असतील तर अधिक जपावं. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायद्यानं अठराच्या आतल्यांना बालक धरलं आहे. पालकांची लेखी संमती घेतल्याशिवाय त्यांना यात ओढू नका.

आणखी एक अडचण सामाईक जोडणीची. धानाच्या बांध्यांत पाणी वरच्या बांधीतून खालच्या बांधीत उतरतं, तसं इथं एकाचं केलेलं सगळ्यांपर्यंत पोचतं. लॅबमधून एखाद्यानं थट्टेनं कोणाच्या पानावर शिवी लिहिली, तर बंदी त्या जोडणीवर येऊ शकते आणि मग शहाणी मुलंही अडकतात.

सुरुवातीचं लिखाण प्रत्येकाच्या धूळपाटीवरच, म्हणजे विकिपीडियावरच्या सरावाच्या पानावरच, व्हावं. मात्र धूळपाटीही उघडीच असते, कोणीही ती पाहू शकतो. तेव्हा कच्चा मसुदा, माझे लाल शेरे, गुण, हजेरी हे सगळं आम्ही बंद जागेत ठेवतो. कॉलेजात मूडल असेल तर उत्तम, नसेल तर वही पुरते. मुलाचं चुकलेलं वाक्य त्याला एकट्याला दाखवायचं असतं. आणि पहिल्या सेमिस्टरला नवा लेख कोणालाच द्यायचा नाही. आधीपासून असलेल्या लेखात संदर्भासह एक वाक्य वाढवणं, हे पूर्ण गुणांचं काम. ते वाक्य टिकलं की मुलाची मान ताठ होते.

सगळ्यात कठीण प्रसंग आला तो गोसीखुर्दच्या लेखावर. आमच्याकडे प्रकल्पग्रस्त गावांतली मुलं आहेत. त्यांतल्या एकानं धरणाच्या लेखात लिहिलं, की सरकारनं आमच्या गावाला फसवलं, आमची घरं बुडाली आणि कोणी विचारलं नाही. तासाभरात ते उलटवलं गेलं. शेरा होता, ‘संदर्भ नाही, तटस्थ नाही’. मुलगा माझ्याकडे आला तो रागानं लाल. “मॅडम, खोटं काय लिहिलं मी?” खोटं काहीच नव्हतं. उलटवणाऱ्याचंही चुकलेलं नव्हतं, कारण कुठल्या तरी दुसऱ्या शहरात बसलेल्या त्या माणसाकडे या मुलाचा शब्द पडताळून पाहण्याचा काहीच मार्ग नव्हता.

त्याला घेऊन बसले. प्रकल्पाचं मूळ अंदाजपत्रक ३७२ कोटींचं होतं. भूमिपूजन एप्रिल १९८८ मध्ये राजीव गांधींच्या हस्ते झालं. २००९ साली त्याला राष्ट्रीय प्रकल्पाचा दर्जा मिळाला. पुढे खर्च हजारो कोटींवर गेला, आणि नियंत्रक व महालेखापरीक्षकांच्या अहवालांत या रखडपट्टीवर आणि वाढत्या खर्चावर ताशेरे आहेत. हे अहवाल कोणालाही वाचता येतात. मुलगा ते वाचत बसला. इंग्रजी जड गेलं, मी आणि इंग्रजीच्या सरांनी मदत केली. शेवटी त्यानं लिहिली ती तीन रुक्ष वाक्यं, आकडा, वर्ष आणि संदर्भासह. ती कोणी हलवली नाहीत. तो मात्र पूर्ण खूश नव्हता. “यात माझी आजी कुठे आहे?” असं त्यानं विचारलं, आणि मला वाटतं तो प्रश्न बरोबर होता. विकिपीडिया ही त्याच्या आजीची जागा नाही. तिची हकिगत त्यानं मुलाखत म्हणून स्वतंत्र लिहिली आणि ती कॉलेजच्या वार्षिक अंकात छापली. कुठलं लिखाण कुठे जावं, हे शिक्षकानं आधी ठरवून ठेवलं पाहिजे. नाहीतर मुलाला वाटतं की आपलं दुःखच वगळलं गेलं.

हेच स्थानिक माहितीचं. गावच्या मामा (माजी मालगुजारी) तलावाविषयी म्हाताऱ्या माणसांना जे ठाऊक असतं, ते बहुतेक वेळा कुठेच छापलेलं नसतं, म्हणून ते विकिपीडियावर टिकत नाही. तलावाचा स्वतः काढलेला फोटो मात्र विकिमीडिया कॉमन्सवर जाऊ शकतो. स्वतः काढलेला म्हणजे स्वतःच, व्हॉट्सअ‍ॅपवर आलेला नव्हे. एकदा परवाना दिला की तो मागे घेता येत नाही आणि तो फोटो कोणीही, अगदी धंद्यासाठीही, वापरू शकतो, हे अपलोडच्या आधी मुलाला स्पष्ट सांगा. दंडारीतल्या कलाकारांचा फोटो असेल तर त्यांनाही विचारा. फोनमधलं ठिकाण नोंदवण्याचं बटण बंद करा, कारण अंगणात काढलेल्या फोटोसोबत घराचे अक्षांश-रेखांश जातात. महाराष्ट्रात सारस पक्षी आता जवळपास आपल्या गोंदिया-भंडारा पट्ट्यातच उरला आहे. त्याच्या घरट्याचा ठिकाणासकट फोटो टाकणं म्हणजे अंडी चोरणाऱ्याला वाट दाखवणं. एकदा आमच्याकडे अगदी ऐनवेळी लक्षात आलं.

ज्यांना गटानं काम शिकवायचं आहे त्यांना मी विकिपीडियापेक्षा मराठी विकिस्रोत सुचवते. तिथं प्रताधिकारमुक्त पुस्तकाचं स्कॅन केलेलं पान एका बाजूला दिसतं आणि टंकलेला मजकूर दुसऱ्या बाजूला. एकानं मुद्रितशोधन केलं की पान पिवळं होतं, दुसऱ्यानं तपासलं की हिरवं. आपणच शोधलेलं पान आपल्याला हिरवं करता येत नाही. त्यामुळे ऱ्हस्व-दीर्घावरून वर्गात जी भांडणं होतात, ती व्याकरणाच्या तासाला कधी होत नाहीत. उचलेगिरीचा प्रश्न नाही, तटस्थतेचा नाही, आणि मोबाइलवर मराठी टंकायची सवय होते ती वेगळीच.

अलीकडे एक नवा ताप सुरू झाला आहे. मुलं एआयकडून परिच्छेद लिहवून आणतात. भाषा गुळगुळीत असते आणि खाली संदर्भही असतात, फक्त ती पुस्तकं अस्तित्वात नसतात. यावर माझा उपाय जुनाट आहे: संदर्भाचं पुस्तक ग्रंथालयातून काढून माझ्या टेबलावर ठेव, पान उघड. पुस्तक नसेल तर वाक्य नाही.

गुण देताना मी प्रत्येकाचं ‘योगदान’ पान आणि लेखाचा ‘इतिहास’ पाहते. कोणी केव्हा काय बदललं ते तिथं उघड असतं, त्यामुळे गटातल्या एकानं राबायचं आणि चौघांनी नावं लावायची हा आपला जुना रिवाज चालत नाही. लेख वगळला गेला म्हणून गुण कापत नाही. चर्चा पानावर कोणी हरकत घेतली आणि मुलानं तिला सभ्यपणे, संदर्भ देऊन उत्तर दिलं, तर त्याचे गुण लेखापेक्षा जास्त ठेवते.

सेमिस्टर संपलं तरी पानं राहतात. वर्षभरानं कोणी तरी येऊन विचारतं, या वाक्याला आधार काय? तोवर मुलं पोलीस भरतीच्या तयारीला किंवा नागपूरला गेलेली असतात. म्हणून वर्गानं हात लावलेला प्रत्येक लेख मी माझ्या निरीक्षणसूचीत घालते, संदर्भाच्या वह्या विभागाच्या कपाटात ठेवते, आणि जुलैत नवी बॅच आली की तिचं पहिलं काम ठरलेलं असतं: मागच्या बॅचनं लिहिलेलं वाक्य घ्या, तिनं सांगितलेलं पुस्तक काढा, आणि त्या पानावर खरंच तसं आहे का ते पाहून या.