राजयक्ष्मा : प्रसार, नियंत्रण आणि आपला व्यवसाय

सुश्रुतसंहितेच्या निदानस्थानात कुष्ठनिदानाच्या अखेरीस औपसर्गिक रोगांचा निर्देश आहे. एका मनुष्याकडून दुसऱ्याकडे संक्रमित होणाऱ्या त्या रोगांत कुष्ठ, ज्वर व नेत्राभिष्यंद यांच्यासोबत 'शोष'ही गणला आहे. प्रसाराचे मार्ग सांगताना स्पर्श, निःश्वास, सहभोजन, एकत्र शय्या, वस्त्र, माला व अनुलेपन यांचा उल्लेख येतो. रॉबर्ट कॉख यांनी क्षयाचा जीवाणू १८८२ साली जगापुढे मांडला, त्याच्या कितीतरी आधीचे हे निरीक्षण आहे.

तथापि ही यादी सर्व औपसर्गिक रोगांची एकत्रित आहे, हे विसरता कामा नये. फुप्फुसाच्या क्षयापुरता विचार केल्यास त्यातील 'निःश्वास' हाच खरा मार्ग होय. रुग्ण खोकला, शिंकला वा मोठ्याने बोलला की जीवाणूयुक्त सूक्ष्म कण बंद खोलीतील हवेत दीर्घकाळ तरंगत राहतात. ताट-वाटी वा कपड्यांतून हा रोग पसरत नाही. असे असूनही सुनेचे ताट वेगळे केले जाते, तिला माहेरी धाडले जाते आणि ज्या कोंदट खोलीत सारे घर झोपते तिची खिडकी मात्र बंदच राहते! हा गैरसमज वैद्याच्या शब्दाने जितका दूर होईल तितका भित्तिपत्रकाने होणार नाही.

दोन आठवड्यांहून अधिक काळचा कास, सायंकाळचा ज्वर, वजनातील घट, रक्तष्ठीवन यांपैकी काहीही आढळल्यास कफाची तपासणी करून घ्यावी. सीबी-नॅट चाचणीने जीवाणूबरोबरच रिफॅम्पिसिनला होणारा प्रतिरोधही सुमारे दोन तासांत कळतो. अशा रुग्णास अडुळशाच्या बाटलीमागून बाटली देत राहणे आम्हांस अक्षम्य वाटते. लिव्होफ्लॉक्सॅसिनसारखे प्रतिजैविक अंदाजाने देणे त्याहून घातक, कारण लक्षणे काही काळ दबतात, निदान लांबते आणि घरातील बालके त्या हवेत श्वास घेत राहतात.

नेहमीच्या क्षयात चार औषधे दोन महिने व त्यानंतर तीन औषधे चार महिने दिली जातात. योग्य उपचार सुरू झाल्यावर बहुतेकांची संसर्गक्षमता काही आठवड्यांत पुष्कळ घटते. नेमके याच सुमारास भूक सुधारते, रुग्णाला बरे वाटते आणि गोळ्या सुटतात. प्रतिरोधी क्षयाचे मूळ बव्हंशी येथे आहे. च्यवनप्राशादी रसायने बलवर्धनार्थ द्यावयाची असल्यास ती या औषधांच्या जोडीने, त्यांच्या जागी नव्हे. कावीळ वा सतत वमन दिसल्यास यकृताची तपासणी तत्काळ करावी, कारण यांतील तीन औषधे यकृतास बाधक ठरू शकतात.

औषधविक्रेत्यांस दोन बंधने लागू आहेत. क्षयाची औषधे मार्च २०१४ पासून अनुसूची एच-१ मध्ये आहेत. चिकित्सक व रुग्ण यांचे नाव, औषध आणि मात्रा यांची स्वतंत्र नोंदवहीत नोंद करून ती तीन वर्षे जपावी लागते. रुग्णाची सूचना शासनास देणे खासगी चिकित्सकांस २०१२ पासून बंधनकारक आहे; २०१८ च्या अधिसूचनेने औषधविक्रेतेही त्यात आले. या नोंदीमुळेच रुग्णाच्या घरातील इतरांची, विशेषतः पाच वर्षांखालील बालकांची, तपासणी आणि प्रतिबंधक उपचार वेळेवर होऊ शकतात.