मोबाईलवरील इंटरनेटची निवड : सीमाभागातील व्यापाऱ्यांसाठी काही विचार

आपल्या धंद्यात पत्राची जागा तारेने आणि तारेची जागा टेलिफोनने घेतली, हे सभासद बंधुभगिनींस ठाऊकच आहे. आता टेलिफोनचे काम मोबाईलवरील इंटरनेटने आपल्या अंगावर घेतले आहे. ३१ जुलै १९९५ रोजी कलकत्ता व दिल्ली यांच्यामध्ये या देशातील पहिले मोबाईल संभाषण झाले, आणि त्याच वर्षी १५ ऑगस्ट रोजी विदेश संचार निगमने सर्वसामान्यांसाठी इंटरनेट खुले केले. ही दोन साधने पुढे एकाच खिशात येऊन बसतील, असे त्या वेळी गंजातील कोणाच्या स्वप्नीही आले नसेल. आज कर्नाटकातील बाजार समित्यांत मालाला संगणकावरून बोली लागते. ही एकीकृत व्यवस्था राज्याने २०१४ साली सुरू केली. केंद्राची ई-नाम योजना १४ एप्रिल २०१६ रोजी आली. ज्या मालास ई-वे बिल लागते त्याचे ते बिल १ एप्रिल २०१८ पासून इंटरनेटवरच निघते. तुरीच्या ऐन हंगामात बोलीची वेळ संपत आली असता फोनवरील चक्र नुसतेच फिरत राहिले, तर हातचा लॉट दुसऱ्याच्या नावे जातो. तेव्हा कोणती कंपनी व कोणते रिचार्ज घ्यावे, हा प्रश्न मुलांवर सोपवून मोकळे होण्यासारखा राहिलेला नाही.

आमचा कोणत्याही कंपनीशी देण्याघेण्याचा संबंध नाही, हे प्रथम नमूद करतो. आपल्या भागात जिओ, एअरटेल, व्ही आणि सरकारी बीएसएनएल अशा चार कंपन्यांमधून निवड करावयाची असते. चौघींच्याही जाहिराती वेगाचे गुणगान करतात. परंतु आमच्या मते व्यापाऱ्याने वेगाआधी पोच पाहावी. मोबाईलवरील इंटरनेट म्हणजे टॉवर व आपला फोन यांच्यामधील रेडिओलहरींची देवाणघेवाण होय. कमी कंपनसंख्येच्या लहरी, उदाहरणार्थ ७०० किंवा ९०० मेगाहर्ट्झच्या, दूरवर जातात व भिंतींतूनही बऱ्यापैकी पार होतात. पण त्यांच्यावरून एका वेळी वाहणारी माहिती मर्यादित असते. उलटपक्षी ३,५०० मेगाहर्ट्झच्या लहरी, ज्यांच्यावर ५जीचा वेग मुख्यत्वे अवलंबून आहे, भरपूर माहिती वाहतात; मात्र त्यांची धाव थोडी असते आणि भिंत आडवी आली की त्या लवकर क्षीण होतात. १ ऑक्टोबर २०२२ रोजी देशात ५जी सुरू झाले, म्हणून प्रत्येक वखारीत ते पोहोचले असे समजू नये. वखारीचे छप्पर पत्र्याचे असते आणि पत्रा लहरींना अडवितो. म्हणून बाहेरच्या ओट्यावर उत्तम चालणारा फोन आत थप्पीजवळ गेल्यावर मुका होतो. यात फोनचा दोष नसतो.

दुसरी गोष्ट गर्दीची. एका टॉवरची क्षमता त्याच्या छायेतील सर्व ग्राहकांत वाटली जाते. बिदरच्या गांधी गंजात किंवा कलबुर्गीच्या नेहरू गंजात सकाळी सहा वाजता मिळणारा वेग आणि लिलावाच्या वेळी, अडते, खरेदीदार, शेतकरी, मापाडी व गाडीवाले सर्व एकत्र जमले असता मिळणारा वेग, यांत मोठी तफावत पडू शकते. यास्तव परीक्षा करावयाची ती गर्दीच्याच वेळी करावी. दूरसंचार नियामक प्राधिकरणाचे, म्हणजे ट्रायचे, ‘मायस्पीड’ नावाचे ॲप विनामूल्य मिळते. गादीवर बसून, मग वखारीत आणि मग घरी, अशी तीन-चार दिवस मोजणी करून आकडे वहीत टिपावे. शेजारच्या पेढीवर दुसऱ्या कंपनीचा फोन असेल तर त्यावरही हीच मोजणी करून घ्यावी. एवढ्याला कोणी नाही म्हणत नाही. कंपन्यांनी आपल्या पोचीचे नकाशे संकेतस्थळांवर ठेवले आहेत, तेही पाहावेत. पण नमुना हातात घेतल्यावाचून आपण तुरीचा सौदा करीत नाही, मग नकाशावर विसंबून वर्षाचे रिचार्ज का करावे?

आकडे वाचताना एक घोटाळा टाळावा. वेग मेगाबिटमध्ये सांगतात आणि साठा मेगाबाइट वा गिगाबाइटमध्ये. आठ बिटांचा एक बाइट होतो. म्हणजे ८ मेगाबिटचा वेग असेल तर सेकंदाला एकच मेगाबाइट माल उतरतो. १९५८ नंतर मण-शेर जाऊन क्विंटल-किलो आले, तेव्हा आमच्या वडीलधाऱ्यांना जो हिशेब पुन्हा शिकावा लागला, त्याच जातीचा हा हिशेब आहे.

आता सीमाभागाची खास अडचण. दूरसंचार खात्याने देशाचे परिमंडळांत विभाजन केले आहे. आपण कर्नाटक परिमंडळात, उमरगा, उदगीर व अक्कलकोट हे महाराष्ट्र परिमंडळात, आणि तेलंगणातील जहीराबाद आंध्र प्रदेश परिमंडळात मोडते. औराद, कमलनगर, बसवकल्याण किंवा आळंद या बाजूला वसुलीस वा खरेदीस जाणाऱ्याचा फोन अनेकदा पलीकडच्या राज्याचा टॉवर पकडतो. अशा वेळी फोनवर संकेताच्या पट्ट्या पुऱ्या दिसतात, बोलणेही होते, परंतु इंटरनेट बंद पडते. याचे सर्वसाधारण कारण असे की फोनमधील ‘डेटा रोमिंग’ची कळ बंद ठेवलेली असते. पूर्वी रोमिंगचे वेगळे पैसे पडत, म्हणून पुष्कळांनी ती धाकाने बंद केली व तशीच राहू दिली. आता देशांतर्गत रोमिंग नेहमीच्या रिचार्जमध्येच धरलेले असते. आपल्या रिचार्जची अट एकदा वाचून ती कळ चालू करावी. परदेशी जाताना मात्र ती बंदच बरी. सोलापूर-हैदराबाद हमरस्त्याने ज्यांची नेहमी ये-जा असते, त्यांनी हे विशेष लक्षात ठेवावे. बिदर-कलबुर्गी रेल्वे २०१७ साली सुरू झाल्यापासून गाडीत बसून सौदे करणारेही वाढले आहेत. त्या मार्गावर बोगदा आहे आणि बोगद्यात संकेत मिळण्याची आशा धरू नये. महत्त्वाची बोली तेवढ्यापुरती मुनीमजींच्या हाती द्यावी.

साठा किती घ्यावा याविषयी फार गैरसमज आहे. पैसे पाठविणे, भाव पाहणे, पट्टीचे छायाचित्र पाठविणे या कामांस अत्यल्प माहिती लागते; दिवसभराचा व्यापार काही मेगाबाइटांत उरकतो. साठा संपतो तो चलच्चित्रांनी. साध्या दर्जाचे चित्र तासाला अर्धा ते पाऊण गिगाबाइट आणि उच्च दर्जाचे एक ते तीन गिगाबाइट खाते. रोजचा साठा संपला की बहुधा वेग ६४ किलोबिटवर येतो व बोलीचे पानही उघडत नाही. तेव्हा दुकानाचा फोन नातवंडांच्या हाती सकाळी न देणे हा फुकटचा उपाय आहे.

मुदतीकडेही पाहावे. २८ दिवसांचे रिचार्ज वर्षात तेरा वेळा करावे लागते. बारा महिन्यांचा हिशेब करणारा तेथेच फसतो. ट्रायच्या २०२२ च्या आदेशानुसार प्रत्येक कंपनीस ३० दिवसांचे निदान एक आणि दर महिन्याच्या त्याच तारखेस नव्याने करावयाचे एक रिचार्ज ठेवावेच लागते. जाहिरातीत ते ठळक नसते, विचारावे लागते. ज्या नोकरास केवळ बोलण्यापुरता फोन लागतो, त्याच्यासाठी इंटरनेटरहित रिचार्जही ट्रायच्या डिसेंबर २०२४ च्या नियमाने उपलब्ध झाले आहे.

कंपनी बदलताना क्रमांक बदलावा लागत नाही. ही सोय २० जानेवारी २०११ पासून देशभर आहे, आणि ३ जुलै २०१५ पासून परिमंडळ बदलले तरी क्रमांक तोच राहतो. इंग्रजीत ‘पोर्ट’ हा शब्द, मग जागा सोडून आपला क्रमांक, असा संदेश १९०० वर पाठवावा. येणारा संकेतांक आपल्याकडे चार दिवस चालतो. चालू कंपनीकडे ९० दिवस झालेले असले पाहिजेत आणि तिची बाकी फेडलेली असली पाहिजे. सिम हरवून नवे घेतले असेल तर सात दिवस संकेतांक मिळत नाही. लिलावाच्या हंगामात हा खटाटोप करू नये. पावसाळ्यात, आवक मंद असताना करावा.

आमचा स्वतःचा कल एकाच फोनमध्ये दोन निरनिराळ्या कंपन्यांची सिमे ठेवण्याकडे आहे. एक मुख्य, दुसरे लहान रिचार्जचे. एकाचा टॉवर बंद पडला की दुसऱ्यावर काम होते, आणि हॉटस्पॉट लावून पेढीचा संगणकही चालविता येतो. त्यास पासवर्ड मात्र घालावा. जेथे तारेचे फायबर आले आहे तेथे पेढीसाठी तेच घ्यावे व मोबाईल आणीबाणीस ठेवावा. दुसरे सिम नुसते पडून राहू देऊ नये. ९० दिवस त्याचा काहीच वापर न झाल्यास ते बंद होण्याचा संभव असतो, आणि पुढे तोच क्रमांक दुसऱ्यास दिला जातो. बँकेच्या खात्याशी जोडलेला क्रमांक तर मुख्य सिमावरच ठेवावा आणि त्याच्या रिचार्जची तारीख जमाखर्चाच्या वहीत लिहावी.