विहिरीपर्यंत केबल न्यायची, तर खर्च किती?

वस्तीवरच्या घरी इंटरनेट आले आहे, पण विहीर साडेतीनशे मीटर लांब. मोटारीची केबल रातोरात कापून नेतात म्हणून तिथे दोन कॅमेरे हवेत आणि ठिबकचा कंट्रोलर मोबाईलवरून चालवायचा आहे. अशी गरज आता नाशिकच्या द्राक्षबागांपासून कोल्हापूरच्या ऊसपट्ट्यापर्यंत अनेकांना आहे. दुकानात गेलात की पहिला प्रश्न येतो, ‘नेटची केबल किती मीटर देऊ?’ पण एवढ्या अंतरावर नेट नेणे स्वस्त पडते, वीज नेणे महाग. त्यामुळे आधी विजेचे ठरवा, नेटचे नंतर.

तरीही नेटच्या केबलबद्दल एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा. कॅट-सिक्स केबलची मर्यादा 100 मीटर आहे. काही पीओई (नेटच्या केबलमधूनच वीज देणाऱ्या) स्विचवर ‘एक्स्टेंड’ बटण असते. ते दाबल्यावर वेग 10 एमबीपीएसवर येतो आणि अंतर 250 मीटरपर्यंत वाढते. एका कॅमेऱ्याला तेवढा वेग पुरतो. दीडशे-दोनशे मीटरवर एकच कॅमेरा लावायचा असेल तर हा मार्ग चालेल, पण केबल शुद्ध तांब्याची हवी. बाजारात ॲल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा दिलेली ‘सीसीए’ केबल जवळपास निम्म्या भावात मिळते. तिचा विद्युतरोध जास्त, त्यामुळे लांबवर कॅमेऱ्याला पुरेशी वीज पोहोचत नाही आणि रात्री इन्फ्रारेड दिवे लागले की कॅमेरा बंद-चालू होत राहतो. दुकानातच ब्लेडने तार खरवडून पाहा. आतून पांढरी दिसली तर घेऊ नका.

साडेतीनशे मीटरसाठी मात्र फायबरच घ्या. बाहेर टाकायची चार कोअरची सिंगल-मोड केबल मीटरला साधारण 10 ते 20 रुपये पडते, म्हणजे 3,500 ते 7,000 रुपये. दोन टोकांना मीडिया कन्व्हर्टरची जोडी लागते, 1,500 ते 2,500 रुपयांची. एकाच कोअरवर चालणाऱ्या जोडीत एक ‘ए’ आणि एक ‘बी’ असतो. दोन्ही ‘ए’ आले तर लिंक लागणार नाही, तेव्हा खोके दुकानातच उघडून बघा. जोड मारायला येणारा तंत्रज्ञ एका फेरीचे 1,500 ते 2,500 रुपये घेतो. कनेक्टरचा रंगही पाहून घ्या. निळ्यात निळाच आणि हिरव्यात हिरवाच बसवायचा. दोन्हींच्या टोकांची घासणी वेगळी असते, त्यामुळे सरमिसळ झाली की प्रकाश वाया जातो. काम झाल्यावर पॉवर मीटरने दोन्ही टोकांचे रीडिंग घ्यायला लावा आणि ते बिलावर लिहून घ्या. एवढ्या अंतरात काचेतला तोटा नगण्य असतो. रीडिंगमध्ये दोन-तीन डीबीपेक्षा जास्त फरक आला तर जोड किंवा कनेक्टर खराब आहे, तो त्याच दिवशी दुरुस्त करून घ्या.

फायबरचा खरा फायदा वळवाच्या पावसात कळतो. विजा कडाडतात तेव्हा तांब्याच्या लांब केबलमधून झटका घरापर्यंत येतो आणि राउटर, डीव्हीआर, कधी टीव्हीही जातो. काचेतून वीज वाहत नाही. पोलादी कवचाची फायबर घेतलीत तर ते कवच मात्र उपकरणाच्या पेटीत आणू नका, बाहेरच अर्थिंगला जोडा.

आता वीज. दोन कॅमेरे, कंट्रोलर आणि वायफाय मिळून सुमारे 20 वॅट लागतात. घरातून 12 व्होल्टचा ॲडॉप्टर लावून वायर ओढण्याचा सल्ला हमखास मिळतो. तो मुळीच ऐकू नका. अडीच चौरस मिलिमीटर तांब्याच्या तारेचा जाऊन-येऊन 700 मीटरचा रोध साधारण 5 ओहम होतो. 12 व्होल्टवर 20 वॅट म्हणजे दीड अँपिअरहून जास्त प्रवाह, आणि त्यात आठ-नऊ व्होल्ट वाटेतच संपतात. त्याच तारेतून 48 व्होल्ट पाठवले तर अडीच व्होल्टच्या आसपास पडतात आणि काम चालते. 230 व्होल्टला घट एका व्होल्टच्याही आत राहते, पण मग कवचाची केबल, 30 मिलिअँपिअरची आरसीसीबी (गळती होताच वीज तोडणारा स्विच) आणि परवानाधारक वायरमन या तिन्हींत काटकसर नको. ओल्या शेतात हा जिवाचा प्रश्न आहे.

चर कमीत कमी अडीच फूट खोल घ्या. रोटाव्हेटर एवढा खाली जात नाही, पण उथळ चर पुढच्या मशागतीत नक्की उघडी पडते. जेसीबी तासाला 1,000 ते 1,400 रुपये घेतो. मऊ जमिनीत बुजवण्यासह आठ तासांचे काम, म्हणजे 8,000 ते 11,000 रुपये. मुरूम लागला तर दुप्पट धरा. फायबरसाठी 32 मिलिमीटरचा एचडीपीई पाइप 9,000 ते 14,000 आणि विजेची कवचवाली दोन कोअर ॲल्युमिनियम केबल 21,000 ते 31,000 रुपये. पीओई स्विच, सर्ज प्रोटेक्टर, आरसीसीबी, अर्थिंग आणि जलरोधक पेटी मिळून 6,000 ते 9,000. सगळे धरून 50,000 ते 77,000 रुपये होतात. हे तालुक्याच्या बाजारातले ढोबळ भाव आहेत. तांब्या-ॲल्युमिनियमचे दर सतत हलतात, म्हणून दोन दुकानांतून लेखी कोटेशन घ्या.

विहिरीवर मोटारीची वीज आहेच, मग केबल कशाला, असेही वाटेल. पण शेतीच्या फीडरला दिवसभर पुरवठा नसतो आणि डीपी जळाली की किती दिवस अंधार राहील ते सांगता येत नाही. चोर नेमके तेच दिवस साधतात.

तिथली वीज बेभरवशाची आणि घरून वीज नेणे महाग, म्हणून केवळ दोन कॅमेऱ्यांसाठी चर खोदू नये असे माझे स्पष्ट मत आहे. पाच गिगाहर्ट्झच्या वायरलेस सीपीईची (नेट हवेतून पाठवणाऱ्या अँटेनांची) जोडी 5,500 ते 8,000, सौर पॅनेल, बॅटरी आणि चार्ज कंट्रोलर 14,000 ते 20,000, खांब 2,000 ते 4,000, म्हणजे 32,000 रुपयांच्या आत काम होते. बॅटरी मात्र ढगाळ दोन दिवस काढेल एवढी घ्या. 20 वॅटला दिवसाला 480 वॅट-तास लागतात, म्हणजे 12 व्होल्टची 100 अँपिअर-तासांची बॅटरी जेमतेम दोन दिवस पुरते. शिसे-आम्लाची असेल तर ती पूर्ण उतरू देता येत नाही, त्यामुळे आणखी मोठी लागते. दोन्ही सीपीई एकमेकांना सरळ दिसायला हवेत. उन्हाळ्यात मोकळे दिसणारे रान ऊस वाढला की बंद होते, तेव्हा खांबाची उंची उभ्या पिकाच्या हिशोबाने ठरवा.

पॉलिहाऊस, शीतगृह किंवा मजुरांच्या खोल्या तिकडे बांधायच्या असतील तर चरच घ्या, आणि एकदा खोदलीच आहे तर शेजारी एक रिकामा पाइप आत नायलॉनची दोरी घालून टाकून ठेवा. बुजवण्याआधी दर पन्नास मीटरवर टेप लावून फोटो काढा, बांधापासूनचे अंतर त्यात दिसू द्या. पुढे विहिरीच्या वाटेवर कुणी पाइपलाइनसाठी जेसीबी लावला तर चालकाला तेच फोटो दाखवता येतील.