सुयांनी पाळी मार्गावर येते का?

प्रश्न : मी तीस वर्षांची, जबलपूरला राहते. लग्नाला तीन वर्षं झाली, दोन वर्षांपासून मुलासाठी प्रयत्न चालू आहेत. पीसीओडी आहे. पाळी दोन-दोन, कधी तीन महिने येत नाही आणि आली की पहिले दोन दिवस उठवत नाही. गायनॅकनी गोळ्या लिहून दिल्यात. पण ओळखीतल्या एकींनी चिनी सुयांचं, म्हणजे ॲक्युपंक्चरचं, सुचवलं. सुया टोचतात तिथे सांगतात की त्यांनी हार्मोन जागेवर येतात, गोळ्या बंद करा. सोबत चिनी जडीबुटीच्या पुड्याही देतात. सासूबाई म्हणतात, करून बघायला काय हरकत आहे? पाळी गेल्यापासून त्यांच्या अंगातून गरम वाफा येतात, त्यांना उपयोग होईल का हेही विचारायचं आहे. आणि ही चीनची विद्या आपल्याकडे आली तरी कशी?

उत्तर : गोळ्या बंद करू नका. बाकीचं सगळं नंतर, हे आधी.

तुम्ही विचारता तोच प्रश्न चीनमधल्या डॉक्टरांनाही पडला होता. त्याआधी स्वीडनमध्ये एलिझाबेट स्टेनर-व्हिक्टोरिन यांनी सुयांना सौम्य वीजप्रवाह जोडून छोटे अभ्यास केले होते. काही बायकांची पाळी त्यामुळे थोडी नियमित झाल्याचं दिसलं आणि आशा वाढली. मग हार्बिनच्या चिनी वैद्यक विद्यापीठातले वू शियाओके आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पीसीओडी असलेल्या, मूल हवं असलेल्या १००० बायकांवर मोठी चाचणी घेतली. तिचे निकाल २०१७ साली प्रसिद्ध झाले. बायकांचे चार गट केले होते. निम्म्या बायकांना बीज तयार होण्यासाठीची क्लोमिफीनची गोळी दिली, निम्म्यांना तशीच दिसणारी बिनऔषधाची. या दोन्हींतल्या निम्म्या-निम्म्या जणींना खऱ्या ठिकाणी खऱ्या सुया टोचल्या, उरलेल्यांना खांद्या-दंडावर, शास्त्रात नसलेल्या जागी, वरवर. आठवड्यातून दोनदा, अर्धा-अर्धा तास, चार महिने. जास्तीत जास्त ३२ बैठका.

गोळी आणि खऱ्या सुया मिळालेल्यांपैकी २९.४ टक्के बायकांना मूल झालं. गोळी आणि खोट्या सुया घेतलेल्यांत २८ टक्के. बिनऔषधाची गोळी आणि खऱ्या सुया, १३.९ टक्के. बिनऔषधाची गोळी आणि खोट्या सुया, १६.८ टक्के. म्हणजे फरक पडला तो गोळीने. सुया खऱ्या की खोट्या याने काही बदललं नाही. ज्यांचं आयुष्य या विद्येत गेलं त्यांनीच तिची इतकी कडक परीक्षा घेतली आणि निकाल आपल्या बाजूचा नाही हे जगापुढे मांडलं, याबद्दल मला त्या डॉक्टरांविषयी मनापासून आदर वाटतो. तुमच्या शहरात कुणी याहून मोठा दावा करत असेल, तर त्याच्याकडे याहून मोठा पुरावा हवा.

असं का होत असावं, हे पीसीओडीत काय घडतं ते पाहिलं की लक्षात येतं. सोनोग्राफीत ज्या 'गाठी' दिसतात त्या गाठी नसतात. अर्ध्या वाटेवर वाढ थांबलेल्या, बीजं असलेल्या त्या बारीक पिशव्या असतात. रक्तात इन्सुलिन जास्त राहतं, त्यामुळे अंडाशय पुरुषी हार्मोन जास्त बनवतं, आणि बीज पूर्ण पिकून बाहेर पडत नाही. बीज सुटलं नाही की पाळी लांबते. वजन जास्त असेल तर ते पाच टक्के उतरलं तरी पुष्कळ जणींची पाळी सुधारते. मुलासाठी म्हणाल तर आज पहिली पसंती लेट्रोझोलला आहे. अमेरिकेत ७५० बायकांवर झालेल्या चाचणीत, २०१४ साली, लेट्रोझोल घेणाऱ्या २७.५ टक्के बायकांना मूल झालं, क्लोमिफीन घेणाऱ्या १९.१ टक्क्यांना. आपल्याकडे या कामासाठी लेट्रोझोलवर २०११ मध्ये बंदी आली होती, ती २०१७ मध्ये उठली. घरात कुणी 'हे बंदी असलेलं औषध आहे' म्हणालं, तर ती जुनी बातमी आहे.

आणखी एक. तुमच्या पत्रात सगळं तुमच्याबद्दल आहे, यजमानांच्या तपासणीचा उल्लेखही नाही. त्यांची वीर्यतपासणी झाली आहे का? मूल न होण्याच्या प्रकरणांत पुरुषाच्या बाजूचं कारण मुळीच दुर्मिळ नाही आणि ही तपासणी सगळ्यांत सोपी, सगळ्यांत स्वस्त. बायको महिनोन्‌महिने सुया टोचून घेते आणि नवऱ्याची एक बाटली लॅबमध्ये पोचत नाही, हे आपल्या घराघरांत चालतं आणि ते थांबायला हवं. ती तपासणी या आठवड्यातच करून घ्या. तुमचं थायरॉईड, प्रोलॅक्टिन आणि साखर बघितली नसेल तर तेही.

आता सुयांची जमेची बाजू. पहिले दोन दिवस उठवत नाही म्हणता, तिथे सुया खरंच मदत करू शकतात. पाळीत गर्भपिशवीच्या अस्तरातून प्रोस्टाग्लँडिन सुटतं, त्याने पिशवी आवळते आणि कळा येतात. मेफेनॅमिक ॲसिडसारखी गोळी ते तयार होणंच रोखते. म्हणून कळा सुरू होताच घ्यावी, असह्य होईपर्यंत थांबू नये. सुयांचा मार्ग वेगळा आहे. सुई टोचली की शरीर स्वतःची वेदनाशामकं सोडतं. जर्मनीत २०१ बायकांच्या अभ्यासात सुया घेणाऱ्यांचं दुखणं तीन महिन्यांनी इतर बायकांपेक्षा स्पष्ट कमी होतं. पण तिथे खोट्या सुयांशी तुलना नव्हती, त्यामुळे श्रेय किती सुईचं आणि किती अर्धा तास शांत पडून कुणीतरी आपुलकीने विचारपूस करण्याचं, हे वेगळं काढता येत नाही. दुखणं कमी होतंय आणि पैसा परवडतोय तर मी तुम्हाला अडवणार नाही. फक्त दरवर्षी दुखणं वाढत असेल किंवा संबंधाच्या वेळी दुखत असेल, तर आधी एंडोमेट्रिओसिस नाही ना हे बघून घ्या. सुयांनी दुखणं दबतं आणि आजार मात्र आत वाढत राहतो, असं होऊ देऊ नका.

टेस्ट ट्यूब बेबीपर्यंत वेळ आलीच तर तिथेही कुणी सुया सुचवेल. २००२ साली जर्मनीतल्या १६० बायकांच्या अभ्यासाने मोठी खळबळ उडवली होती : सुया घेतल्यावर ४२.५ टक्के गर्भधारणा, न घेता २६.३. पुढे ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडमध्ये ८४८ बायकांवर खोट्या सुयांशी तुलना झाली. मूल होण्याचं प्रमाण १८.३ आणि १७.८ टक्के, म्हणजे जवळजवळ सारखंच.

पुड्या मात्र घेऊ नका. १९९०च्या सुमारास ब्रुसेल्सच्या एका वजन कमी करण्याच्या केंद्रात बायकांना चिनी वनस्पतींच्या गोळ्या दिल्या गेल्या. एका वनस्पतीच्या जागी चुकून ॲरिस्टोलोकिया कुळातली दुसरीच आली होती. शंभराच्या वर बायकांच्या किडन्या खराब झाल्या, पुढे काहींना मूत्रमार्गाचा कॅन्सर झाला. आपल्याकडची ईश्वरी याच कुळातली. म्हणजे देशी म्हणून निर्धोक, असंही नाही. चिनी स्त्रीरोग चिकित्सेत सगळ्यांत जास्त वापरलं जाणारं डांग-गुई नावाचं मूळ रक्त पातळ करणाऱ्या वॉरफॅरिनसोबत घेतलं तर रक्तस्राव वाढवू शकतं. तुमच्या पत्रात पुडीत काय आहे हे लिहिलेलं नाही, आणि मला वाटतं, तुम्हालाही ते कुणी सांगितलेलं नाही. गर्भ राहण्याची आशा असताना नाव नसलेली पुडी पोटात जाऊ नये.

वनस्पतींत काही दम नाही असं मी म्हणत नाही. चीनमधल्या हुआंगलिआन या मुळात आणि आपल्या दारुहळदीत बर्बेरिन हे एकच द्रव्य असतं आणि ते इन्सुलिनवर काम करतं. पुन्हा त्याच वू शियाओके यांनी पीसीओडीच्या ६४४ बायकांवर ते तपासलं : लेट्रोझोलने ३६ टक्के बायकांना मूल झालं, बर्बेरिनने २२, दोन्ही मिळून दिलं तर ३४. चिनी वैद्यकातून जगाला खरोखर मोठी देणगी मिळाली ती मलेरियावरच्या आर्टेमिसिनिनची. तू यूयू यांनी जुन्या ग्रंथातला उल्लेख घेऊन ते द्रव्य वेगळं काढलं, तपासलं, आणि २०१५ साली त्यांना नोबेल मिळालं. जबलपूरला गढ्यात जनजातीय आरोग्याची राष्ट्रीय संशोधन संस्था आहे. तिथले संशोधक शेजारच्या मंडला जिल्ह्यात ज्या मलेरियाशी वर्षानुवर्षं झगडत आले, त्यावरची आजची मुख्य गोळी याच द्रव्यापासून आली. जे औषध परीक्षेला उतरलं ते दवाखान्यात पोचलं.

ही विद्या आपल्याकडे कशी आली, याचा धागा तुमच्या शहराजवळून जातो. १९३८ साली जपानने चीनवर आक्रमण केलेलं असताना काँग्रेसने पाच डॉक्टरांचं पथक चीनला पाठवलं. काँग्रेसचे अध्यक्ष होते सुभाषचंद्र बोस. तेच पुढच्या मार्चमध्ये तापाने फणफणलेले असताना त्रिपुरी अधिवेशनाला आले. तुमचं कमानिया गेट त्याच अधिवेशनाचं स्मारक आणि तुमच्या मेडिकल कॉलेजलाही नाव नेताजींचंच. पाचांपैकी दोघे मराठी : सोलापूरचे द्वारकानाथ कोटणीस आणि नागपूरचे डॉ. चोळकर. कोटणीस परतले नाहीत. ९ डिसेंबर १९४२ रोजी, वयाच्या बत्तिसाव्या वर्षी ते तिकडेच गेले. सुया भारतात आणल्या त्या त्याच पथकातल्या डॉ. बिजॉय बसूंनी. १९५०च्या दशकाच्या अखेरीस ते चीनमध्ये ही विद्या शिकले आणि कोलकात्यात तिचा उपचार सुरू केला. पश्चिम बंगालने १९९६ मध्ये तिच्यासाठी कायदा केला, पुढे महाराष्ट्रानेही. तेव्हा दुखण्यासाठी सुया घ्यायच्याच असतील तर टोचणारी व्यक्ती कुठे शिकली, कुठे नोंदलेली आहे हे सरळ विचारा. सुई बंद पाकिटातली, तुमच्यासमोर फोडलेली, एकदाच वापरायची. केसाएवढ्या बारीक सुईनेही कावीळ पसरू शकते. पाळी चुकली असेल तर आधी सांगा. घोट्याच्या आतल्या बाजूला, चार बोटं वर असलेली जागा गरोदरपणात जाणकार टाळतात.

सासूबाईंना सांगा : ऑस्ट्रेलियात ३२७ बायकांवर वाफांसाठी सुया तपासल्या. खऱ्या सुयांनी वाफा सुमारे चाळीस टक्के कमी झाल्या, आणि खोट्यांनीही तितक्याच. त्यांना बरं वाटत असेल तर घेऊ द्या, पण वाफांनी झोपच लागत नसेल तर हार्मोनच्या औषधाने खात्रीचा आराम मिळतो. छातीत गाठ, रक्ताची गुठळी असं काही पूर्वी झालेलं नाही ना, हे बघून डॉक्टर ते ठरवतील. आणि पाळी जाऊन वर्ष उलटल्यावर परत रक्त दिसलं, अगदी डागापुरतं, तर सुया-बिया बाजूला ठेवून त्यांना त्याच आठवड्यात एल्गिन रुग्णालयात नाहीतर मेडिकल कॉलेजात घेऊन जा.