पाटी रंगवण्याआधी

अगं, बैलकुप्प्याच्या तिबेटी वसाहतीतल्या त्या गालिच्यांच्या दुकानाची पाटी तुझ्याकडे आली, याचा मला किती आनंद झाला म्हणून सांगू! तुझा नमुना पाहिला. वर तिबेटी, मध्ये कन्नड, खाली इंग्रजी. रंग छान जमलेत. पण इंग्रजीला घेतलेलं ते नाजूक, सुईसारख्या टोकांचं वळण बदल. रस्त्यावरून ते दिसायचं नाही.

स्लॅब सेरिफ लावून बघ. अक्षराच्या टोकांना आडव्या चौकोनी पट्ट्या, उभ्या दांड्याइतक्याच जाड. 1815च्या सुमारास लंडनच्या व्हिन्सेंट फिगिन्सनं असा टाइप काढला. कारखान्यांचा जमाना, भिंतीभिंतींवर जाहिराती. लांबून नजरेत भरेल असं अक्षर तेव्हा हवंच होतं. 1845 मध्ये आलेला क्लॅरेंडन टाइप थोडा मवाळ, पट्टी दांड्याला गोलाईनं मिळते. तुझ्या पाटीला मी तशाच वळणाचं घेईन.

आणि कारण नुसतं लांबून दिसण्याचं नाही. तिबेटी छापील वळणाला उचेन म्हणतात, म्हणजे डोकं असलेलं. आपल्या शिरोरेषेसारखी सलग रेघ नाही. प्रत्येक अक्षराचं आपलं आडवं, जाड डोकं आणि बाकीचा आकार त्याखाली लोंबतो. कन्नडला तलेकट्टू, म्हणजे अक्षराच्या डोक्यावरची खूण, असतोच. या दोघींच्या पंगतीला स्लॅबच्या आडव्या पट्ट्या शोभतात. बारीक टोकांची इंग्रजी तिथं परकी वाटते.

पण इंग्रजी सगळ्यांत मोठी करू नकोस हं. 1960 नंतर ही तिबेटी माणसं आपला देश सोडून इथं आली, जंगल साफ करून शेती केली, सेरासारखे मठ पुन्हा उभे केले. आपली लिपी त्यांनी जिवापाड जपली आहे. पाटीवर पहिला मान तिचा.

माझ्या हातून झालेली चूक तुला सांगून ठेवते. एका खानावळीच्या पाटीवर मी तिन्ही ओळींना सारखीच उंची दिली. तिबेटीत अक्षराखाली अक्षर रचतात, त्याच्याही खाली उकाराची खूण येते. जागा पुरेना, म्हणून मी ती ओळ वरून दाबली. नाव वाचताच येईना. मालकीणबाई एक शब्द बोलल्या नाहीत, पण त्यांचा उतरलेला चेहरा अजून डोळ्यांपुढे आहे. पाटी मी नव्यानं करून दिली. तेव्हा तिबेटीखाली मोकळी जागा सोड. आणि तिबेटी शब्दाच्या अवयवांमधलं ते टिंब, त्सेग, शोभेचं समजून गाळू नकोस. शब्द त्यानंच फोडून वाचतात.

आता एक कर. पाटी खऱ्या मापात कागदावर छाप, दुकानावर लाव आणि रस्ता ओलांडून पलीकडून बघ. मग तिबेटी ओळ तिथल्या एखाद्या आजींना मोठ्यानं वाचायला सांग. त्या कुठं अडखळल्या, तर ब्रश हातात घेऊ नकोस. आधी मला फोन कर, कितीही वाजले असले तरी.