श्रीनिकेतन

बंगालमध्ये शांतिनिकेतनापासून जवळच सुरुल नावाचे एक खेडे आहे. विश्वभारतीच्या आम्रकुंजात काव्यशास्त्राची चर्चा चाले, तेव्हा आसपासच्या खेड्यांत हिवतापाने माणसे फणफणत असत. हा विरोध रवींद्रनाथ टागोरांच्या मनाला बोचत असे. अखेर १९२२ साली त्यांनी सुरुल येथे ग्रामसुधारणेसाठी विश्वभारतीची एक शाखा उघडली. तेच श्रीनिकेतन.

लेनर्ड एल्महर्स्ट हा तरुण इंग्रज शेतकीतज्ज्ञ तिचा पहिला संचालक. वानरे, हिवताप आणि परस्परांविषयीचा अविश्वास ही खेड्याची तीन दुखणी त्याने हेरली. पहिली दोन डोळ्यांना दिसत तरी होती. तिसरे मात्र मोठे अवघड! शहरची शहाणी माणसे येतात, उपदेश करतात आणि निघून जातात; त्यांच्यावर गावाने विश्वास तरी का ठेवावा? म्हणून विद्यार्थ्यांनी प्रथम आपल्या हाती कुदळ घेतली. मैला चरांत पुरून त्याचे खत करण्याचे कामही त्यांनी हलके मानले नाही. लेखणीखेरीज काही न उचललेल्या सुशिक्षितांच्या मुलांनी हे करावे, ही त्या काळी लहान गोष्ट नव्हती. हळूहळू गावची मुलेही पथके करून या कामांत सामील झाली. पुढे गावकऱ्यांनी वर्गणी काढून सहकारी आरोग्यमंडळ्या स्थापन केल्या.

१९२८ साली श्रीनिकेतनात हलकर्षणाचा उत्सव झाला. सदुसष्ट वर्षांच्या कविवर्यांनी त्या दिवशी स्वतः नांगराची मूठ धरली. नंदलाल बोस यांनी तो उत्सव पुढे तेथील भिंतीवर चितारला.