रक्तातली जागल

ज्वारी हुरड्यावर आली की आपण शेतात जागलीला जातो. रानडुकरे येतात, रोही येतात. त्यांना हाकलावे लागते. पीक घरात आले की जागल संपते. जागल्या घरी येऊन स्वस्थ झोपतो.

आपल्या शरीरातही अशीच जागल असते. रक्तातल्या पांढऱ्या पेशी या आपल्या राखणदार. पायात काटा रुतून जखम चिघळली, की त्या जाग्या होतात व रोगजंतूंशी लढतात. जखम भरली की शांत होतात.

एच.आय.व्ही. हा विषाणू मात्र निराळा. तो राखणदार पेशींतच शिरून लपतो. आतड्याचे अस्तर म्हणजे पोटातले कुंपण. त्यालाही तो खिंडार पाडतो. मग आतड्यातल्या जंतूंचे कण रक्तात झिरपतात. म्हणून राखणदारांना रात्रंदिवस जागावे लागते. वर्षे जातात, पण जागल संपत नाही. राखणदार थकतात. हृदय, मूत्रपिंड, यकृत यांनाही इजा पोचते. माणूस मात्र वरून धडधाकट दिसतो!

ही आतली जागल ओळखावी कशी? तिच्या खुणा रक्तात उमटतात. पेशी एकमेकींना हाका मारतात. त्या हाकेच्या एका द्रव्याचे नाव आय.एल.-६. ती हाक ऐकून यकृत सी.आर.पी. नावाचे द्रव्य जास्त बनवते. रक्ताच्या गुठळ्या विरघळल्या की त्यांचे तुकडे उरतात. त्यांना डी-डायमर म्हणतात.

आता एक खरी हकीकत ऐका. ३३ देशांत ५,४७२ रुग्णांची पाहणी झाली. सुमारे निम्म्यांनी गोळ्या चालू ठेवल्या. बाकीच्यांनी, पेशी पुरेशा आहेत म्हणून, मधे मधे थांबवल्या. २००६ साली निकाल लागला. गोळ्या चालू ठेवणाऱ्यांपैकी ४७ जणांना संधिसाधू आजार झाला किंवा मरण आले. थांबवणाऱ्यांत असे १२० निघाले! पुढे रक्त तपासले. गोळ्या थांबवल्यापासून एका महिन्यातच आय.एल.-६ आणि डी-डायमर वाढले होते. ज्यांच्या रक्तात या खुणा जास्त, त्यांच्यात मृत्यूही जास्त.

म्हणून आम्ही सांगतो, बरे वाटते म्हणून गोळी सोडू नका. गोळीने विषाणू दबतो आणि जागल बरीच शांत होते. बिडीने ती पुन्हा भडकते, बिडी सोडा.

एच.आय.व्ही.ची ही आतली जागल मोजायला या खुणांच्या तपासण्या मुख्यतः संशोधनात वापरतात. त्यांच्यासाठी खाजगीत पैसे घालवू नका. ए.आर.टी. केंद्रावर सी.डी.४ पेशी आणि विषाणूचे प्रमाण तपासतात. अमरावतीला इर्विन दवाखान्यात व अकोल्याला सर्वोपचार रुग्णालयात असे केंद्र आहे. सरकारने २००४ पासून फुकट गोळ्या देणे सुरू केले. २०१७ पासून, पेशी कितीही असोत, लागण झालेल्या प्रत्येकाला त्या मिळतात. संमतीवाचून तपासणी करू नये, कोणाचे नाव फोडू नये, असा कायदाही २०१७ साली झाला.

कापूस वेचणीच्या दिवसांत मजुरी बुडेल म्हणून केंद्राची तारीख चुकवू नका. शेजाऱ्याला हा आजार असेल तर त्याला दूर लोटू नका. एका ताटात जेवल्याने तो लागत नाही.

सांगा पाहू :
१. राखणदार पेशी का थकतात?
२. रक्तातल्या तीन खुणा कोणत्या?
३. बरे वाटले तरी गोळी का सोडू नये?